पिकअपला लावलेली शेपटी

माझा डावा हात मोडला तो एका नावेमुळे, आणि तोही पाण्यात नाही, डांबरी रस्त्यावर. ऐकणारा आधी हसतो. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

जव्हारात माझं फॅब्रिकेशनचं लहानसं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड, कधी एखाद्या पिकअपच्या हौद्याची डागडुजी. त्या दिवशी खोडाळ्याला एका घराच्या गेटचं माप घेऊन मी मोटारसायकलवरून परत निघालो होतो. भातं पिवळी पडली होती, काही खाचरांत कापणीही लागली होती. पोशेऱ्याच्या अलीकडे चढ लागतो, तिथे माझ्यापुढे एक पांढरी पिकअप चालली होती. हौद्यात काहीतरी लांबलचक, नारिंगी-पिवळं, एकावर एक रचलेलं. मला आधी वाटलं, प्लास्टिकच्या टाक्या उभ्या चिरून नेतायत. जवळ गेल्यावर कळलं की त्या नावा आहेत, टीव्हीवर वल्ही मारत जातात तसल्या. त्यांना कयाक म्हणतात हे मला नंतर समजलं.

हौदा आखूड आणि नावा लांब. म्हणून मागचा फाळका उघडा टाकलेला आणि नावांची टोकं त्याच्याही बाहेर लोंबत होती. मधोमध एक हिरवा नायलॉनचा दोर आडवा आवळलेला. लोखंडाचं काम करणारा माणूस असल्या गोष्टी बघितल्याशिवाय राहत नाही. हे काही खरं नाही, असं मनात आलं, आणि पुढे निघून जावं म्हणून मी वळण संपायची वाट बघत होतो.

तेवढ्यात पिकअपचं मागचं चाक खड्ड्यात आपटलं. दोर जागच्या जागी राहिला आणि त्याच्या खालून पिवळी नाव साबणाच्या वडीसारखी निसटली. उतारावरून ती सरळ माझ्याच अंगावर आली. मी ब्रेक दाबला, हँडल वळवलं, पुढच्या चाकाला दणका बसला आणि मी कडेच्या गवतात डाव्या हातावर पडलो. हाताचा आवाज मला ऐकू आला. दुखायला नंतर लागलं.

पिकअप थांबली. चालकाच्या बाजूनं एक बाई उतरून धावत आली. चाळिशीची असेल. कासोटा घातलेलं लुगडं, वरून पुरुषी शर्ट. मी उठायला गेलो तशी ती ओरडली, "दादा, हात हलवू नका!" डोक्याचा रुमाल सोडून तिनं माझा हात गळ्यात अडकवला. तिच्याबरोबर तिची नणंद होती, ती पोशेऱ्यातच दिलेली. उरलेल्या नावाही कडेला उतरवून, तिला त्यांच्यापाशी ठेवून या बाईनं मला केबिनमध्ये बसवलं आणि जव्हारच्या दवाखान्यापर्यंत एकटीनं गाडी हाणली.

वाटेत मी कण्हत होतो आणि ती बोलत होती. मला गुंगी येऊ नये म्हणून बोलत होती, हे तिनंच पुढे सांगितलं. गाडी तिच्या नवऱ्याची. तो आधी भिवंडीला मजुरी करायचा, मग ड्रायव्हरकी शिकला, मग ही जुनी पिकअप घेतली. तो तापानं गेला. भावकीतल्या सगळ्यांनी सांगितलं, गाडी विकून टाक. तिनं विकली नाही, स्वतःच शिकली आणि लायसन काढलं. साखरशेतच्या पुढे एका लहान धरणाच्या काठी तिचा पाडा होता. शनिवार-रविवारी तिथे मुंबई-नाशिकची माणसं यायला लागली होती. ती आणि पाड्यावरच्या आणखी काही बाया त्यांना भाकरी-चटणी रांधून घालायच्या. पाहुणे विचारायचे, पाण्यात फिरायला काही आहे का? इगतपुरीकडे एक रिसॉर्ट बंद पडलं होतं, तिथल्या चार जुन्या नावा या बायांनी मिळून घेतल्या होत्या.

"आणि पहिल्याच दिवशी हे," ती म्हणाली. मला तिचा राग यायला हवा होता. पण हाताच्या कळा इतक्या होत्या की रागाला जागाच नव्हती.

राग आला तो घरी आल्यावर, आणि तो माझ्या थोरल्या भावाला आला.

"बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं," तो म्हणाला. "उद्या पोलिसात जायचं. कापणीच्या दिवसांत तुझा पोरगाही कामावर नाही, दुकान कोण चालवणार?"

दुकानातला माझा मदतनीस खरंच भातकापणीला गावी गेला होता. प्लास्टर बांधलेला हात उशीवर ठेवून मी भावाचं ऐकत होतो. चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली, "दोर नीट नव्हता. त्यात बाईचा काय संबंध? पुरुषानं बांधलेला दोर सुटत नाही का?"

भाऊ चहा न घेताच गेला.

काही दिवसांनी ती बाई आमच्या घरी आली. नागलीचं पीठ आणि एक लाल भोपळा घेऊन. ओसरीवर टेकली, माझ्या हाताकडे बघितलं, बायकोनं दिलेलं पाणी प्याली. ती माफी मागेल, रडेल, तक्रार करू नका म्हणेल, असं मला वाटलं होतं.

ती म्हणाली, "दादा, तुम्हाला तक्रार करायची तर करा. मी नाय म्हणणार नाय. जे झालं ते झालं. पण नावा अजून नणंदेच्या अंगणात पडल्या हायत. त्या पाड्यावर न्यायला तर लागतीलच. मी चार जणांना विचारलं, कशा बांधायच्या? जो तो म्हणतो, अजून एक दोर मार. मला तेवढ्यावर भरवसा नाय. परत कुणी मागं असंल."

बायको माझ्याकडे बघायला लागली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत. त्या बघण्याचा अर्थ मला कळतो.

मी गळ्यात हात घेऊन बाहेर गेलो आणि पिकअपच्या मागे उभा राहिलो.

"तुमच्या नावेचा एवढा भाग," मी पावलांनी माप दाखवलं, "हवेत राहतो. रस्ता वर-खाली झाला की टोक नाचतं. नाचलं की दोर ताणतो, नायलॉनचा असल्यामुळे लांबतो आणि ढिला पडतो. शिवाय तुमचा दोर नावेला वरून दाबून धरतो. ती मागे सरकणार असेल तर तिला कोण अडवणार? कुणीच नाही."

"मग?"

"मग मागून आधार पाहिजे. हौदा लांब करायला पाहिजे."

हौदा लांब करायचा म्हणजे नवीन गाडी बांधायची नाही. गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, मागे खालून एक चौकोनी नळी पक्की करायची. तिच्यात मापात बसणारी दुसरी नळी सरकवायची. त्या नळीच्या बाहेरच्या टोकाला, हौद्याच्या तळाच्या उंचीवर, एक आडवा पाइप आणि त्या पाइपाच्या दोन्ही टोकांना उभे खुंट. नावांची टोकं आडव्या पाइपावर टेकतात, खुंटांमुळे बाजूला घसरत नाहीत. काम झालं की पिन काढायची आणि सगळं ओढून बाहेर. मी जमिनीवर खडूनं चित्र काढलं. बायको म्हणाली, "म्हणजे गाडीला शेपटी." तेच नाव पडलं.

चित्र काढलं खरं, पण काम करणार कोण? माझा उजवा हात धड होता, वेल्डिंगचा होल्डर मला धरता येत होता. पण एका हातानं टाका मारायचा तर दुसऱ्या कुणीतरी तुकडे काटकोनात धरायला हवेत. बायको म्हणाली, "मी धरते." लग्न झाल्यापासून ती दुकानात डबा द्यायला येत होती, पण ठिणग्या उडायला लागल्या की दारातूनच परत फिरायची. मी तिला काळी काच लावलेला मुखवटा दिला, हातमोजे दिले. दुसरं टोक त्या बाईनं धरलं.

पहिला टाका पडला आणि बायकोनं किंचाळून नळी सोडून दिली. नळी माझ्या चपलेवर पडली.

"वैनी, आता एकच हात राहिलाय त्यांचा, पाय तरी राहू द्या," ती बाई म्हणाली, आणि दोघी काळ्या मुखवट्यांच्या आड अशा हसल्या की मला होल्डर खाली ठेवावा लागला. अपघातानंतर आमच्या घरात असं हसणं पहिल्यांदाच झालं होतं.

दुपारी भाऊ दुकानावर आला. दारातच थबकला.

"जिनं हात मोडला तिच्याच गाडीचं काम करतोयस?"

"हात माझा मोडलाय ना, भाऊ," मी म्हटलं. "मग ते मी बघतो."

तो गेला मात्र नाही. थोडा वेळ उभा राहिला. आमच्या तिघांकडून आडवा पाइप काही सरळ धरला जात नव्हता. शेवटी तो पुढे झाला आणि बायकोच्या हातातलं टोक स्वतः धरून म्हणाला, "वाकडं लागतंय. मार आता." पोलिसाचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही.

चासीला मी वेल्डिंग केलं नाही. चासी तापवली की तिचा दम जातो आणि पुढे कधीतरी नेमकी तिथेच चीर पडते. म्हणून जाड पट्ट्या घालून, नट-बोल्ट आवळून नळी बसवली. मग शेपटीवर रेतीची पोती बांधली आणि गाडी दुकानामागच्या खडबडीत जागेत फिरवून आणायला तिला सांगितलं. परत आल्यावर वाकून बघतो तर पिन अर्ध्यावर सरकलेली. हादऱ्यांनी तिला हळूहळू बाहेर ढकललं होतं. पिनच्या टोकाला भोक पाडून त्यात स्प्रिंगची क्लिप अडकवली आणि पुन्हा गाडी फिरवली. या खेपेला पिन हलली नाही.

आडव्या पाइपावर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, म्हणजे प्लास्टिक घासायला नको. नावांमुळे गाडीचे मागचे दिवे झाकले जात होते, म्हणून शेपटीच्या टोकाला लाल दिवा आणि नंबर प्लेट घेतली, चकाकणारी पट्टी चिकटवली, वर लाल फडकंही बांधलं. दोराऐवजी कड्या असलेले रुंद पट्टे आणले, दांडा मागे-पुढे केला की घट्ट आवळणारे. दोन पट्टे नावांवरून आडवे. आणि खरी गोम होती ती पुढच्या दोराची. प्रत्येक नावेच्या नाकातून दोर घेऊन तो हौद्याच्या पुढच्या हुकाला बांधायचा. नाव मागे जायला लागली तर तो तिला धरून ठेवणार.

माल गाडीबाहेर किती यावा याचाही कायदा असतो. तिनं ते आपणहून वाहतूक पोलिसांकडे जाऊन विचारून घेतलं. त्या मर्यादेत तीन नावा बसत होत्या. चौथी, दोन माणसांची, फारच लांब होती. शेपटी अजून लांब कर, असं पाड्यावरच्या बायांचं म्हणणं पडलं. मी नाही म्हणालो. जितकं लांब कराल तितकी गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. तिनंच बायांना समजावलं, "ती मोठ्या टेंपोतून येईल. तोवर राहू दे तिथंच." ती नाव पुढे बरेच दिवस नणंदेच्या अंगणात होती, आणि एका कोंबडीनं तिच्या बैठकीत रीतसर अंडी घातली.

नावा आणायला गाडी पोशेऱ्याला निघाली तेव्हा मीही केबिनमध्ये बसलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. उतार आला की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली आहे. तिनं ते बघितलं असणार. तिनं गाडी आणखी सावकाश घेतली.

तीन नावा चढवल्या, पट्टे आवळले, नाकाचे दोर बांधले. मी एका हातानं प्रत्येक नाव हलवून बघितली. नाव हलली की अख्खी गाडी हलत होती. असंच पाहिजे. नणंदही आमच्याबरोबर पाड्यावर येणार होती.

तेवढ्यात घरातून एक म्हातारा माणूस काठी टेकत आला. तो या बाईचा सासरा. लेकीकडे कापणीला मदत करायला आला होता आणि आता त्याला घरी जायचं होतं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्या शेपटीला हात लावून बघितलं आणि आडव्या पाइपावर दोन खुंटांच्या मध्ये ऐसपैस बसला.

"हा तर ओटाच केलास," तो खूश होऊन म्हणाला. "मी अठंच बसतो. चला."

"बाबा, तिथं नका बसू," ती म्हणाली.

"का? माझा काय भार होतो?"

"भाराचं नाय. ती जागा माणसाची नाय."

शेजारची माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "बघा, सून सासऱ्याला गाडीतून उतरवते." सगळे हसले. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. काठी त्यानं मांडीवर आडवी घेतली आणि तो जास्तच घट्ट बसला.

तिचा जीव कसा घुसमटतोय, ते मला केबिनच्या दारातून दिसत होतं. गाडी विक म्हणून सगळी भावकी तिच्या मागे लागली होती तेव्हा हा एकटा म्हातारा म्हणाला होता, तिला चालवायची तर चालवू द्या. हे तिनंच मला दवाखान्याच्या वाटेवर सांगितलं होतं. आता त्यालाच चारचौघांत उठ म्हणायचं.

तिनं गाडी बंद केली. चावी काढली. मागे येऊन ती त्याच्यासमोर मातीत उकिडवी बसली.

"बाबा," ती अगदी हळू बोलत होती, "ही नाव सुटली होती तेव्हा मागं हे दादा होते. त्यांचा हात गेला. त्या जागी तुम्ही बसलेले असता तर? मला तुम्हाला न्यायचं हाय. पण अठं बसवून नाय नेणार. तुम्ही बसून ऱ्हाल तर मी पण अठंच बसून ऱ्हाते."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं माझ्या प्लास्टरकडे बराच वेळ बघितलं. नणंद पुढे आली, बापाचा दंड धरून म्हणाली, "तुम्ही माझ्या जागेवर बसा पुढं. मी मागनं जीपनं येते." तो उठला. केबिनमध्ये येऊन माझ्या शेजारी बसला.

मोखाडा येईपर्यंत तो समोर बघत राहिला. मोखाड्याच्या अलीकडे तिनं गाडी कडेला घेतली, उतरली, मागे गेली.

"आता काय झालं?" त्यानं मला विचारलं.

"पट्टे बघतेय. थोडं अंतर गेलं की नावा आपली जागा धरतात, खाली बसतात. मग पट्टे ढिले पडतात. पुन्हा आवळावे लागतात."

त्यानं वळून मागच्या काचेतून बघितलं. मग म्हणाला, "गवताचा पण असाच. आम्ही बैलगाडीत गवत भरायचो ना, दोर कितीही आवळा, ओढा ओलांडला की भारा बसायचा. तिथं उतरून परत ओढायला लागायचं. न ओढला तर घाटात सगळं गवत खाली."

पुढच्या थांब्याला तो स्वतःच दार उघडून उतरला. मी आरशातून बघत होतो. सून एका बाजूचा पट्टा बघत होती, हा दुसऱ्या बाजूचा. त्यानं पट्ट्यावर बोटानं टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "हा ढिला हाय. ये इकडं." तिनं येऊन दांडा आवळला. त्यानं पुन्हा टिचकी मारली, मान हलवली. वर बसताना माझ्या गुडघ्यावर हात टेकून म्हणाला, "चांगला केलास रे बाबा तू हा." शेपटीबद्दल म्हणाला की आणखी कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

पाड्यावर बाया वाटच बघत होत्या. त्यांनी नावा उतरवल्या, डोक्यावर पालथ्या घेतल्या आणि ओळीनं पाण्याकडे नेल्या. सगळ्यांना पोहता येत होतं, तरी पाण्यावर तरंगवणारी जाकिटं घातल्याशिवाय कुणी नावेत पाय ठेवायचा नाही, असा त्यांनी आपला नियम केला होता. पहिली फेरी कुणी मारायची यावरून थोडी ढकलाढकली झाली. नंतर मला लोखंडी ताटात भात आणि मुऱ्या माशांचं कालवण वाढलं. काटे काढायला दुसरा हात नव्हता, ते एका म्हातारीच्या ध्यानात आलं. तिनं न विचारता ताट ओढून घेतलं, काटे काढले आणि परत माझ्यापुढे सरकवलं.

त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे पाहुणे बरे आले. दर शनिवार-रविवार नाही, पण आले. खडखडत्या रस्त्यानं नावा कधी या धरणावर, कधी त्या तळ्यावर न्याव्या लागल्या, आणि एकही सुटली नाही. बायकोनं मुखवटा पुन्हा खुंटीला लावलाच नाही. आता लहान कामांचे टाके ती एकटी मारते.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळच्या आत मला जव्हारला पोचवायचं म्हणून ती उठली. आधी तिनं क्लिप काढली, पिन काढली, शेपटी ओढून हौद्यात आडवी ठेवली आणि बांधली. रिकाम्या गाडीला शेपटी मागे तशीच राहिली तर एखाद्याची ढोपरं फोडेल. मग फाळका लावून, खिट्टी ओढून बघितली. सासरा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. मी केबिनमध्ये बसलो. पोट भरलेलं होतं, हात ठणकत होता, ऊन उतरत होतं. वळणं केव्हा आली आणि केव्हा गेली, मला कळलंच नाही. जव्हारच्या नाक्यावर तिनं गाडी थांबवली आणि माझ्या धड खांद्याला हलवून म्हणाली, "दादा, उठा. घर आलं."